रेंज, जोर आणि एक-शून्य-एक : दूरवैद्यकाच्या परिभाषेचा आढावा

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून दिग्गी हे गाव आहे. काळी नदी याच भागात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. गाव कर्नाटकात, रानापलीकडे गोवा. तालुक्यात बोलायला कोकणी आणि मराठी, सरकारी कागदावर कन्नड, औषधाच्या पाकिटावर इंग्रजी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. तालुक्याला पूर्वी सुपे म्हणत. मोठं दुखणं निघालं की वाट धरायची कारवारची, हुबळीची, बेळगावची नाहीतर गोव्यातल्या बांबोळीची. वाट बदलली की डॉक्टरांची भाषाही बदलते.

अशा ठिकाणाहून फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेणं म्हणजे काय, ते एका शब्दावरून कळतं. कोकणीत ‘जोर’ म्हणजे ताप. ‘ज्वर’ या शब्दाचंच ते घरगुती रूप. कोकणी बोलणाऱ्या एखाद्या आजीने फोनवर सांगितलं, ‘म्हाका दोन दीस जोर येता,’ तर सवय नसलेल्या मराठी कानाला ते भलतंच ऐकू येईल: आजींच्या अंगात दोन दिवसांपासून जोर येतोय, म्हणजे त्यांना बरं वाटू लागलंय. तक्रार नेमकी उलटी होऊन पोचली. आजी समोर बसल्या असत्या तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला असता आणि गैरसमज तिथल्या तिथे मिटला असता. फोनवर हात लावता येत नाही. तिथे सगळा भार शब्दावर येतो.

दूरवैद्यक आणि दूरसंचार यांच्या परिभाषेची चर्चा म्हणूनच नुसती कोशकारांची राहिलेली नाही. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून दिलेल्या सल्ल्यांची संख्या फेब्रुवारी २०२३ मध्येच दहा कोटींवर गेली. एवढी माणसं ज्या शब्दांच्या आधाराने औषध घेतात, ते शब्द कुठून आले, कोणाला कळतात आणि त्यांच्याबद्दल जाणकारांत काय मतभेद आहेत, ते पाहण्याची ही वेळ आहे.

शब्द घडवण्याचा वारसा

परक्या शब्दाला आपला शब्द शोधायची धडपड मराठीला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोशाने सुमारे चौदाशे फारसी, अरबी आणि दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही रुजले, पुष्कळसे कोशातच राहिले. ‘दुर्ग’ आला, पण ‘किल्ला’ हटला नाही. पुढे बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९३१ मध्ये ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा बहुभाषी कोश निघाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोनच महिन्यांनी, ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झालं आणि विषयवार परिभाषा कोशांची रांग लागली. त्यात वैद्यकाच्या शाखांचेही कोश आहेत. केंद्राचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ चा.

वैद्यकाची मराठी तर या सरकारी कोशांहून जुनी. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं आणि १८६१ पासून तिथे देशी भाषांतून शिकवण्याचे वर्गही निघाले. त्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची पुस्तकं मराठीत लिहावी लागली. ती लिहिणाऱ्यांत डॉ. सखाराम अर्जुन हे ठळक नाव आहे.

दळणवळणाच्या शब्दांची कथा जास्त रंजक आहे. टेलिग्राफ आला तेव्हा मराठीने नवा शब्द घडवलाच नाही; हाताशी असलेला ‘तार’ उचलला. खांबावरची तार तीच आणि तिच्यातून आलेला निरोपही तारच. ‘तार आली’ म्हटलं की घरात काळजाचा ठोका चुकायचा, इतका तो शब्द आपला झाला. १५ जुलै २०१३ पासून ती सेवा बंद झाली. टेलिफोनला मात्र घडवलेला शब्द मिळाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘दूरध्वनी’, ‘ध्वनिक्षेपक’, ‘चित्रपट’, ‘महापौर’ असे शब्द आले. त्यातले ‘चित्रपट’ आणि ‘महापौर’ तोंडी बसले. ‘दूरध्वनी’ पत्रिकेवर आणि सरकारी पत्राच्या माथ्यावर राहिला. बोलताना सगळे ‘फोन’ म्हणतात.

दिग्गीच्या आसपास हीच गोष्ट तीन भाषांत दिसते. मराठी पाटीवर ‘दूरध्वनी’, कन्नड पाटीवर ‘दूरवाणी’, केंद्र सरकारच्या हिंदी पाटीवर ‘दूरभाष’. मोबाइलला मराठीत ‘भ्रमणध्वनी’, कन्नडमध्ये ‘जंगमवाणी’. पाचही शब्द अर्थवाही आहेत, ‘जंगमवाणी’ तर सुरेखच. तरीही तिन्ही भाषांतला माणूस खिशातून काढतो तो फोनच. आणि रेडिओसाठी देशभर गेलेला ‘आकाशवाणी’ हा शब्द कर्नाटकातलाच: म्हैसूरला प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या नभोवाणी केंद्राचं ते नाव होतं.

या साऱ्या प्रयत्नांचे वाचक कोण होते, हे ध्यानात ठेवायला हवं. राज्यव्यवहारकोश दरबारासाठी, परिभाषा कोश कचेरीसाठी आणि पाठ्यपुस्तकासाठी. शब्द वाचायला, लिहायला, तपासायला तिथे वेळ होता. आजारी माणसाने तुटत्या आवाजात एकदाच ऐकून लगेच काही करायचं, ही गरज यातल्या कोणापुढे नव्हती.

रेंज आणि पाट

दूरसंचारातला सर्वांत रुजलेला शब्द कोणता, तर ‘रेंज’. ‘रेंज नाही’, ‘रेंज येते-जाते’, ‘टेकडीवर गेलं की रेंज लागते’. इंग्रजीत या अर्थी हा शब्द सहसा वापरत नाहीत. तिथे सिग्नल किंवा कव्हरेज म्हणतील. म्हणजे शब्द इंग्रजी असला तरी हा अर्थ आपल्याकडे पक्का झाला. ‘रिचार्ज मारला’, ‘नेट संपलं’, ‘आवाज कटतोय’, ‘गोल गोल फिरतंय’ ही सगळी परिभाषाच आहे. ती कोणत्याही कोशमंडळाने ठरवलेली नाही आणि ती चुकत नाही.

अडतं ते पुढे. ‘गोल गोल फिरतंय’ हे एका दुखण्याचं लक्षण झालं. त्याची कारणं तीन-चार असू शकतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. इथे बँडविड्थ, लेटन्सी, जिटर हे शब्द येतात. जोयड्याच्या सुपारीच्या बागायतीत ते समजायला अवघड नाहीत. बागेला पाणी देणारा पाट डोळ्यांसमोर आणावा. पाटाची रुंदी किती, म्हणजे एका वेळी किती पाणी जाईल, ही बँडविड्थ. वर पाणी सोडल्यावर शेवटच्या पोफळीच्या आळ्यात पोचायला किती वेळ लागतो, ही लेटन्सी. पाणी सारखं न येता मधेच थांबून भसकन आलं तर तो जिटर. वाटेत बांध फुटून थोडं पाणी वाया गेलं तर तो पॅकेट लॉस. पाट रुंद असूनही लांबचा असेल तर पाणी उशिराच पोचणार. उपग्रहावरून होणाऱ्या बोलण्यात हेच घडतं. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो आणि प्रश्नाचं उत्तर परत यायला अर्धा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार नैसर्गिक बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्याहून वाढला की दोघं एकदमच बोलू लागतात, मग दोघं एकदमच थांबतात. रुग्णाला वाटतं, डॉक्टर ऐकत नाहीत. डॉक्टरांना वाटतं, रुग्ण गोंधळलाय. दोष असतो तो उशिराचा.

‘ब्रॉडबँड’ हा शब्द तर वर्षानुवर्षं अर्थ बदलत आला. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. ‘आमच्या गावात ब्रॉडबँड आहे’ या वाक्याचा अर्थ ते कोणत्या साली म्हटलं यावर अवलंबून. ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द मराठी वाचकाने टू-जीच्या बातम्यांतून उचलला. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात त्याला ‘वर्णपट’ म्हणतात, पण वर्णपटाचा लिलाव झाला असं कोणीही लिहिलं नाही. ‘सर्कल’ हाही असाच फसवा शब्द. तो वर्तुळ नव्हे, परवान्याचा प्रदेश. आणि गोवा त्यात महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये मोडतो. हद्दीवरच्या गावात फोनने गोव्याकडचा टॉवर पकडला की सिमच्या हिशेबाने माणूस कर्नाटकातून महाराष्ट्र सर्कलमध्ये गेलेला असतो, पाय मात्र अंगणातच.

टेलिमेडिसिन की टेलिहेल्थ?

नावांचा गोंधळ इंग्रजीतही कमी नाही. विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०५ मध्ये लायडनच्या रुग्णालयातून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेख पाठवला आणि त्याला ‘टेलिकार्डिओग्राम’ म्हटलं. ‘टेलि’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘दूर’. शब्द पुढे फुटत गेले: टेलिमेडिसिन, टेलिहेल्थ, ई-हेल्थ, एम-हेल्थ, डिजिटल हेल्थ. भारतात इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाच्या मदतीने पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. कर्नाटकात चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय बंगळुरूच्या नारायण हृदयालयाशी जोडलं गेलं. त्या काळात सर्वांच्या तोंडी ‘टेलिमेडिसिन’ होतं.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी भारतापुरती रेघ ओढली. डॉक्टरने दुरून निदान आणि उपचार करणं म्हणजे टेलिमेडिसिन. आरोग्यशिक्षण, माहिती, स्वतःची काळजी घेण्यातली मदत हे सगळं पोटात घेणारा मोठा शब्द टेलिहेल्थ. मराठीत ‘दूरवैद्यक’ आणि ‘दूरआरोग्य’ अशी जोडी करता येईल, पण छापील मजकुरात ‘दूरचिकित्सा’, ‘दूरस्थ आरोग्यसेवा’, ‘ऑनलाइन ओपीडी’ हे सगळं एकाच अर्थाने फिरतं. हा गोंधळ रुग्णाला फारसा भोवत नाही. त्याच तत्त्वांतले दुसरे दोन शब्द मात्र थेट भोवतात.

पहिला ‘फर्स्ट कन्सल्ट’. तत्त्वांत औषधांच्या याद्या आहेत. ‘ओ’ यादीतली साधी औषधं कोणत्याही मार्गाने सांगता येतात. ‘ए’ यादीतली औषधं पहिल्याच भेटीत लिहायची तर ती भेट व्हिडिओवरची हवी. म्हणजे पाट अरुंद असेल, नुसता आवाज जात असेल, तर काही औषधं मिळतच नाहीत. इथे दूरसंचाराचा शब्द औषधाच्या चिठ्ठीवर येऊन बसतो, आणि या विषयावरच्या लिखाणात या दुव्याकडे फार थोडं लक्ष गेलं आहे.

दुसरा ‘कन्सेंट’, संमती. रुग्णाने स्वतः फोन लावला तर संमती गृहीत धरतात. पण आरोग्य कर्मचाऱ्याने, डॉक्टरने किंवा घरच्या माणसाने लावून दिला तर रुग्णाची उघड संमती घ्यावी लागते. ई-संजीवनीतल्या ‘हब आणि स्पोक’ पद्धतीत खेड्यातल्या उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला मोठ्या केंद्रावरच्या डॉक्टरांशी जोडून देते. (बैलगाडीचं चाक ज्यांनी पाहिलंय त्यांना तुंबा आणि आरे म्हटलं की हे चित्र तत्काळ कळतं, कचेरीने हे शब्द घेतले नाहीत ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.) तिथे संमतीचं वाक्य कोणत्या भाषेत उच्चारायचं? ‘मी दूरवैद्यकीय सल्ल्यास संमती देत आहे’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ते ऐकून मान डोलावणाऱ्या आजींना आपण कशाला हो म्हणालो हे कळलं का, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही.

तीन भूमिका

परिभाषेबद्दल आज स्थूलमानाने तीन मतं दिसतात.

पहिलं मत घडवलेल्या शब्दांचं. डॉ. रघुवीर हे त्याचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते. त्यांनी काही काळ नागपुरातून काम केलं आणि संस्कृत धातू-उपसर्गांतून हजारो शब्द सिद्ध केले. या मताची बाजू भक्कम आहे. ‘वारंवारता’, ‘रक्तदाब’, ‘संगणक’ हे शब्द आपला अर्थ स्वतःच सांगतात, त्यांतून नवे शब्द फुटतात आणि ते भारतीय भाषांना वाटून घेता येतात. ‘दूरसंचार’ बेळगावात, हुबळीत, पुण्यात सारखाच वाचता येतो. भाषेत ज्ञान लिहायचं तर भाषेला स्वतःची हत्यारं हवीत, हा आग्रह कोणी हलक्यात घेऊ नये.

दुसरं मत म्हणतं, शब्द जगाचा आहे, तो तसाच घ्या आणि देवनागरीत लिहा. केंद्रीय आयोगानेही एकके, मूलद्रव्यं, आंतरराष्ट्रीय संज्ञा तशाच ठेवायचं तत्त्व मान्य केलं होतं. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, त्यांत इंग्रजी संज्ञा बव्हंशी देवनागरीत तशाच आहेत. या मताचा आधार सुरक्षितता हा आहे. औषधाच्या पाकिटावर, अहवालावर, यंत्राच्या पडद्यावर जो शब्द आहे तोच रुग्णाच्या कानावर पडावा. ‘ऑक्सिमीटर’ मागितला तर दुकानदार ऑक्सिमीटर देतो.

तिसरं मत गावातल्या बोलीचं. आरोग्य कर्मचाऱ्यांना रोज ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्या तोंडचे शब्द घ्या, नसेल तर साधं वर्णन करा. दुखणं सांगायला मराठीइतकी श्रीमंत भाषा विरळा. ठणका, कळ, चमक, टोचणी, आग, जळजळ, धडधड, गरगर, घेरी, मुंग्या, मळमळ: यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी दिशा दाखवतो. ‘छातीत दुखतं’ आणि ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं’ यांत निदानाचं अंतर आहे. कोकणीतली ‘घुंवळ’ म्हणजे घेरी, हे समजलं नाही तर तक्रारच हरवते.

पण बोलीलाही काच असतो. ‘बीपी झालंय’ म्हणजे रक्तदाब वाढलाय, ‘शुगर झालीय’ म्हणजे मधुमेह. मोजायच्या गोष्टीचं नावच रोगाला चिकटलं. मग ‘बीपी नॉर्मल आहे’ ऐकल्यावर गोळी बंद करणारे भेटतात, कारण ‘बीपी गेलं’. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटका, हा अर्थ तर सगळ्यांना पाठ झाला. या पट्ट्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण माकडतापाचं. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात सापडला म्हणून शास्त्रात तो ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, माकडाचा आजार; मराठी-कोकणीत ‘माकडताप’. तो उत्तर कन्नडमध्ये आहे, गोव्यातल्या सत्तरीत आणि महाराष्ट्रातल्या दोडामार्गातही गेल्या दशकात आढळला. ‘माकडताप’ हा अस्सल शब्द. रानात माकड मेलेलं दिसलं की सावध व्हा, एवढं तो एका दमात सांगतो. पण माणसाला तो देते गोचीड, माकड नव्हे, आणि हे शब्दात येत नाही. फोनवर डॉक्टरने ‘माकडाजवळ गेला होता का?’ विचारलं तर उत्तर खरंखुरं ‘नाही’ येईल. ‘रानात पाल्यापाचोळ्यात बसला होता का, अंगाला गोचीड लागली होती का?’ असं विचारावं लागतं.

या तिन्ही मतांतलं भांडण पुष्कळदा शब्द कोणत्या घराण्यातला यावर चालतं. शब्द कोणाच्या हाती द्यायचा, हे पाहिलं तर ते बरंच निवळतं. काही शब्द रुग्णाने उच्चारायचे: जोर, घेरी, धाप. तिथे बोलीला पर्याय नाही. शिकायचं आहे ते डॉक्टरने. काही शब्द रुग्णाने ऐकून त्याप्रमाणे वागायचं: उपाशीपोटी, दोन वेळा, तातडीने. तिथे साधं वर्णन उत्तम. आणि काही शब्द नुसते तंत्रज्ञांचे. बँडविड्थला ‘पट्टरुंदी’ म्हणा की बँडविड्थ, दिग्गीच्या उंबऱ्याआत तो येतच नाही.

कोविडने घेतलेली परीक्षा

२०२० मध्ये साथीचे नवे शब्द एकदम बाजारात उतरले आणि दोन-तीन महिन्यांत निकाल लागला. ‘लॉकडाउन’साठी ‘टाळेबंदी’ चालला. टाळं आणि बंदी दोन्ही घरातले. ‘मुखपट्टी’ वर्तमानपत्रात टिकली, बोलण्यात मास्कच राहिला. आणि ‘क्वारंटाइन’ला ‘अलगीकरण’, ‘आयसोलेशन’ला ‘विलगीकरण’ अशी फोड झाली, ती फसली. लागण झाली असावी असा संशय असलेल्याला वेगळं ठेवणं ही एक गोष्ट आणि आजारी माणसाला वेगळं ठेवणं ही दुसरी. दोन्ही संस्कृत शब्द एका अक्षराच्या अंतराने उभे केले की फोनवर कोणता कोणता हे सांगता येणार नाही. बातम्यांतही त्यांची अदलाबदल होत राहिली. घडवलेला शब्द वाईट होता असं नव्हे. कानाची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

त्र्याण्णव की त्र्याऐंशी

याच काळात पुढे आलेला आकड्यांचा प्रश्न फारसा चर्चिला गेला नाही, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला माणूस फोनवर आकडा सांगतो. ९४ च्या खाली गेलं की सावध व्हायचं असं तेव्हा सांगत. त्र्याण्णव म्हणजे डॉक्टरांना कळवा आणि लक्ष ठेवा. त्र्याऐंशी म्हणजे आत्ता गाडी बोलवा. आता रेंज अशी की शब्दाचा पहिला तुकडाच पोचतो: ‘त्र्या...’. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर येतं, म्हणून जीव ज्यावर अवलंबून तो भागच तुटतो. एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेपन्न-त्रेसष्ट, सगळ्यांची तीच गत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असंही वाचन दिलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, अशी बाजू मांडली. विरोध करणाऱ्यांना भाषेची पिढीजात घडण मोडेल अशी भीती वाटली, आणि तीही खोटी नव्हती. वाद शाळेच्या अंगाने झाला. फोनवरच्या आजाऱ्याचा मुद्दा त्यात आलाच नाही. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस-एक; दशक आधी. तरी कन्नडही निर्धास्त नाही: ९३ ‘तोंबत्तमूरु’ आणि ८३ ‘एंबत्तमूरु’ यांत फरक फक्त सुरुवातीचा. म्हणून ‘नऊ, तीन’ असे आकडे सुटे सुटे सांगणं आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवणं, ही साधी रीत कोणत्याही भाषेत चालते.

औषधाच्या चिठ्ठीवरची ‘१-०-१’ ही खूण या बाबतीत आदर्श म्हणावी अशी आहे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मराठी, कोकणी, कन्नड, कोणत्याही घरात ती भाषांतराविना कळते. लॅटिनमधली ‘बीडी’, ‘टीडीएस’ ही अक्षरं रुग्णासाठी कधीच नव्हती. पण हीच खूण फोनवर ‘एक शून्य एक’ म्हणून वाचली की ती आकडा होते, गोळी राहत नाही. कागदावर उत्तम असलेली परिभाषा तोंडी नापास होऊ शकते. तोंडी ‘सकाळी जेवल्यावर एक, रात्री जेवल्यावर एक’ असंच सांगावं लागतं.

काय अजून ठरायचं आहे

कोश भरपूर झाले. कोशातला शब्द ऐकून माणसाने बरोबर कृती केली का, हे मोजायची पद्धत बसलेली नाही. भाषा संचालनालयाच्या कोशांत शब्द सापडतो, त्याचा बोलीतला जोडीदार सापडत नाही. ‘रेफरल’ला महाराष्ट्राने ‘संदर्भ सेवा’ म्हटलं. नाशिकच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाच्या नावात ते आहे. पण ‘तुम्हाला संदर्भित केलं आहे’ याचा अर्थ ‘आज संध्याकाळच्या आत कारवारला जा’ असाही असतो आणि ‘सवड होईल तेव्हा दाखवा’ असाही. निकड सांगणारी परिभाषा मराठीत अजून पक्की व्हायची आहे.

मनाच्या आजारांचं कोडं याहून नाजूक. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिची शिखर संस्था बंगळुरूची निम्हान्स. ‘डिप्रेशन’ला ‘नैराश्य’ म्हणावं, तर बोलणारा म्हणतो ‘जीव लागत नाही’, ‘कशात मन नाही’, ‘जीव घाबरा होतो’. यातलं कोणतं वाक्य आजाराचं आणि कोणतं सुतकाचं, हे शब्दकोशातून ठरत नाही. मराठी आणि कोकणी समुपदेशकांच्या रोजच्या ऐकण्यातून जी यादी तयार होईल, तिला कोणी अजून पुस्तकाचं रूप दिलेलं नाही.

यंत्राकडून होणारं भाषांतर हा नवा भिडू. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना २०२२ मध्ये सुरू झाली. आवाज ऐकून दुसऱ्या भाषेत उतरवण्याची सोय दूरवैद्यकात आली तर मोठंच काम होईल, पण ‘जोर’चा ‘ताप’ करायला यंत्राला जोयड्याच्या बोलण्याचे नमुने लागतील. ते गोळा करताना रुग्णाचं खासगी बोलणं कोणाच्या हवाली होतं, याचं उत्तर संमतीच्या त्या एका वाक्यात आज नाही.

आणि लिपीचं काय, हाही मुद्दा उरतोच. उपकेंद्राच्या भिंतीवर दुखण्याच्या चाळीस-पन्नास शब्दांची यादी लावायची ठरवली, तर ती कन्नड लिपीत लावायची की देवनागरीत? शाळेत जाणाऱ्या नातवाला कन्नड अक्षरं सरावाची. मुंबई राज्याच्या काळात शाळेत गेलेल्या आजोबांना देवनागरी जवळची. आजी दोन्हींपैकी एकही वाचत नसेल, तर यादी नातवाने मोठ्याने वाचायची, आजीने बोट ठेवायचं ते आपल्या कपाळावर, आणि फोनच्या त्या टोकाला आरोग्य अधिकारी सांगणार: ‘जोर म्हणजे ताप, डॉक्टर. दोन दिवसांपासून आहे.’ एकशे एक आहे की एकशे तीन, ते थर्मामीटर पाहून, एकेक आकडा सुटा करून.